किल्ली तुमच्याकडे, कागद कुणाकडे?

शेणव्यात किंवा तिकडे मुरबाडच्या बाजूला कुणा चाचांचे घर बंद पडले की किल्ली नात्यातल्या एखाद्या तरुणाकडे येते. चाचा कुवेतला नाहीतर मुंब्र्याला. भाडेकरू शोधायचा, भाडे गोळा करायचे, मोटर जळली तर मिस्त्री आणायचा, सगळे या मुलाने. मीही हे केले आहे. एकदा भाडेकरू घर सोडताना डिपॉझिट मागू लागला. पैसे मालकाच्या खात्यात गेलेले, मालक फोन उचलेना आणि भाडेकरू आठ दिवस माझ्या दारात. माझ्याकडे दाखवायला एक चिठ्ठीही नव्हती.

तरुण मुले विचारतात, "भाई, या कामाला लायसन्स लागतं का?" महाराष्ट्रात दुसऱ्याचे घर भाड्याने देऊन सांभाळण्यासाठी वेगळा परवाना नाही. 2016 च्या रेरा कायद्यातली एजंटाची नोंदणी विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे. आसनगावला नव्या नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकून कमिशन घ्यायचे असेल तर ती नोंदणी हवीच, शिवाय आता प्रशिक्षण आणि परीक्षाही. भाड्याच्या कामाला ती लागत नाही.

पण परवाना नाही म्हणून कायदाच नाही असे समजू नका. 1872 चा करार कायदा तुम्हाला मालकाचा एजंट मानतो. मालकाने मागितला की हिशेब द्यावा लागतो. उलट बाजूने, त्याच्या अधिकाराने केलेल्या कायदेशीर कामात तुम्हाला झळ बसली तर ती मालकाने भरून द्यायची. ही दुसरी बाजू आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. आणि तो अधिकार दिला होता हे सिद्ध कशाने करणार? घरातल्या घरात कागद मागायची आपल्याला लाज वाटते, अविश्वास दाखवल्यासारखे होते. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे, हे मात्र आपण मिंबरवरून ऐकतो आणि घरी येऊन विसरतो.

म्हणून चाचांकडून मुखत्यारपत्र घ्या. परदेशातून येणार असेल तर तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून मागवा आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा. भाडे कुणाच्या खात्यात, डिपॉझिट कोण परत करणार, तुमचा मेहनताना किती, हे वेगळ्या कागदावर स्पष्ट लिहून घ्या. मालक वारले की साधे मुखत्यारपत्र संपते. त्यानंतर वारसांना विचारल्याशिवाय भाड्याला हात लावू नका. आणि अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज सोडा. राज्याचा 1999 चा भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे लिव्ह अँड लायसन्सही नोंदवावेच लागते. कायद्याने जबाबदारी मालकाची, पण सही करायला तुम्ही बसलेले असता. जिथे तो लागू नाही तिथेही नोंदवलेला करार तुमच्याच कामी येतो.

केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात मालकाच्या वतीने काम पाहणाऱ्या व्यवस्थापकाची माहिती भाडे प्राधिकरणाला देण्याची तरतूद आहे. तो केवळ नमुना, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू नाही. अशी साधी, बिनखर्चाची नोंद इथेही असावी असे मला वाटते. परीक्षा नको, नुसती नोंद. किल्ली कुणाकडे आहे हे सरकारदरबारी दिसले तर माझ्या दारात बसलेल्या त्या भाडेकरूलाही कळले असते की पैसे कुणाकडे मागायचे.

कागद करताना आणखी एक ओळ घालून घ्या: भाडेकरू कोण ठेवायचा हे कोण ठरवणार. मुंबईत नाव ऐकून आपल्याला घर नाकारतात, त्यावर आपण तावातावाने बोलतो. इथे फोनवर चाचा म्हणतात, "कातकरी नको," आणि तो निरोप दारात उभ्या माणसाला आपणच देतो.