ओटीपोटाचं दुखणं आणि ओझोनचा बाजार



ओटीपोट ६ महिन्यांहून अधिक काळ दुखत राहिलं, तर ती जुनाट ओटीपोटदुखी. कारण एंडोमेट्रिओसिस असो, जंतुसंसर्ग असो की स्नायूंचा ताण. बाईला ऐकावं लागतं, ‘बाईच्या जातीला हे चालायचंच!’ या दुर्लक्षामुळेच ओझोन उपचारांना गिऱ्हाईक मिळतं. योनीतून किंवा गुदद्वारातून हा वायू सोडला की दुखणं जातं, असा दावा केला जातो. त्याला भक्कम पुरावा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नियमात तर ओझोन हा विषारी वायू आहे, त्याचा कोणताही वैद्यकीय उपयोग ज्ञात नाही, असं म्हटलं आहे. म्हणून पैसे मोजण्याआधी पुरावा मागू या. आणि दवाखान्यात आपलं म्हणणं ऐकून घ्यायला, नीट तपासायला भाग पाडू या. दुखणं खरं आहे. उपचारही खरेच हवेत.