घरच्या दप्तराची दुसरी प्रत

एकत्र कुटुंबांत जें काम सर्वांचें, तें बहुधा कोणाच्याच हातून होत नाहीं. संगणकावरील दप्तराची दुसरी प्रत ठेवणें हें त्यांपैकींच होय. वंशावळ, जमिनीचे उतारे, आजोबांच्या पत्रांचीं छायाचित्रें, हें सारें आज एका हार्ड डिस्कवर असतें. आणि ती केव्हां तरी बंद पडावयाचीच. रविवारीं प्रत काढूं म्हणणाऱ्यांचा तो रविवार सहसा उगवत नाहीं. म्हणून हें काम यंत्राकडेच सोंपवावें, असें आमचें मत आहे.

घरच्या राऊटरला जोडावयाची 'नॅस' नांवाची एक पेटी मिळते. तींत बहुधा दोन हार्ड डिस्क बसवितात. मॅकवर २००७ पासून 'टाइम मशीन' व विंडोजवर २०१२ पासून 'फाइल हिस्टरी' ही सोय आहे. लिनक्सवर १९९६ सालीं निघालेला 'आरसिंक' हा प्रोग्रॅम 'क्रॉन'कडून नेमल्या वेळीं चालवितां येतो. तो बदललेला भागच पाठवितो; त्यामुळें पहिली प्रत रात्रभर चालली तरी पुढील प्रती लवकर होतात. वेळ मात्र संगणक चालू असण्याची नेमावी. पहाटे दोनची वेळ नेमून रात्रीं दहालाच यंत्र बंद करणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत!

दोन्ही डिस्कवर एकच मजकूर उमटतो म्हणून निश्चिंत होणें बरें नव्हे. चिरंजीवांनीं एखादी फाइल पुसली कीं ती दोहोंवरूनही पुसली जाते. याकरितां जुन्या आवृत्त्या राखणारी 'स्नॅपशॉट'ची सोय चालू करावी. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय'सारखे खंडणीखोर प्रोग्रॅम जोडलेल्या पेटीवरील फाइलीही कुलूपबंद करूं शकतात. यास्तव आणखी एक प्रत घराबाहेर, लेकीच्या घरीं म्हणा, असावी.

१९९८ सालीं पिक्सार या अमेरिकन चित्रपटसंस्थेंत 'टॉय स्टोरी २'ची बरीच सामग्री एका चुकीच्या आज्ञेनें पुसली गेली. प्रती नीट निघत आहेत अशी सर्वांची समजूत. पाहूं गेले तों त्या निकामी! गॅलिन ससमन या बाई तान्ह्या मुलामुळें घरून काम करीत. त्यांच्या घरच्या प्रतीनें चित्रपट वाचला. आमचे वेदपाठी संहिता येत असतांही पद, क्रम, जटा, घन म्हणत, तें पाठ शुद्ध राहावा म्हणून. येथेंही पेटींतील फाइल परत काढून, उघडून पाहिल्यावांचून प्रत झाली असें समजूं नये. आमच्या घरीं हें काम धाकट्या सूनबाईंकडे आहे, आणि त्यांनीं त्यास संकष्टीचा दिवस नेमला आहे.