सहावीच्या फॉर्मची घाई कशाला?

सैनिकी शिक्षण देणाऱ्या शाळांची नावे सारखी वाटली तरी त्यांचे मालक आणि कायदे वेगळे आहेत. साताऱ्यात २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली देशातील पहिली सैनिक शाळा आणि २०१९ मध्ये सुरू झालेली चंद्रपूरची शाळा संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील सैनिक स्कूल सोसायटी चालवते. अनेक जिल्ह्यांत दिसणाऱ्या ‘सैनिकी शाळा’ मात्र खासगी संस्थांच्या आहेत. त्यांना मान्यता राज्य सरकारची असते. बेळगावचे राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आणि आठवीत प्रवेश देणारे डेहराडूनचे मिलिटरी कॉलेज यांच्या परीक्षा आणखी निराळ्या. फाटकावरची तोफ पाहून यातले काहीच कळत नाही, आणि पालकांची पहिली चूक इथेच होते.

सैनिक शाळांची सहावीची प्रवेश परीक्षा ३०० गुणांची असते. त्यातले निम्मे गुण एकट्या गणिताचे. ही परीक्षा मराठीतून देता येते. नववीची मात्र इंग्रजीतच द्यावी लागते. मराठी शाळेतल्या मुलाला सहावी हीच एक संधी आहे, असा समज यातून पसरतो. या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या निवासी अकादम्यांचा धंदा या समजावरच उभा आहे. चौथीतले पोर घर सोडून पहाटेपासून गणिते सोडवत बसते. परीक्षेच्या दिवशी उत्तरपत्रिकेवर एक गोळा चुकून खालच्या ओळीत भरला गेला की पुढची सगळी रांग घसरते. दहा वर्षांच्या मुलाची ‘सैनिकी पात्रता’ तिथे ठरते!

ही घाई अनाठायी आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) सैनिक शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी एकही जागा राखीव नाही. बारावीच्या टप्प्यावर सर्वांना तीच ९०० गुणांची लेखी परीक्षा आणि नंतर सेवा निवड मंडळाची (एसएसबी) तेवढ्याच गुणांची मुलाखत द्यावी लागते. वायुदल आणि नौदलासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हवे; लष्करासाठी शाखेची अटही नाही. दहावीपर्यंत गावातच शिकलेल्या मुलासाठी राज्य सरकारची छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था (एसपीआय) १९७७ पासून आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षे तिथे एनडीएची तयारी करून घेतली जाते. मुलींसाठी नाशिकला अशीच संस्था सुरू झाली आहे. अकादमीच्या जाहिरातीत एसपीआयचे नाव सापडणार नाही, हे वेगळे सांगायला नको. शिक्षण विभागाने तरी ते दर माध्यमिक शाळेच्या फलकावर लावावे.

सैनिक शाळा वाईट, असा याचा अर्थ नव्हे. मैदान, वाचनालय, इंग्रजीचा सराव आणि राज्याबाहेरच्या मुलांचा सहवास हे खेड्यातल्या मुलाला एरवी मिळत नाही. २०२१-२२ पासून या शाळांची दारे मुलींनाही उघडली आहेत. मुलाला स्वतःला वसतिगृहात राहायची हौस असेल तर फॉर्म जरूर भरावा. वर्षाचा खर्च लाखाच्या पुढे जातो. उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती मिळते, पण तिची चौकशी प्रवेशाआधीच करावी. शाळेचे माध्यम इंग्रजी असल्याने मराठी शाळेतून गेलेल्या मुलाचे पहिले वर्ष जड जाते, हेही धरून चालावे.

फॉर्म भरण्यापूर्वी डोळे आणि गुडघे तपासून घेणे सर्वात महत्त्वाचे. रंगांधळेपणा किंवा चालताना गुडघे एकमेकांना घासणे असे दोष लेखी परीक्षेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत निघाले तर वर्षभराची मेहनत वाया जाते. दाखल्यांचेही तसेच. ६७ टक्के जागा शाळा ज्या राज्यात आहे तिथल्या मुलांसाठी असतात, त्यामुळे अधिवास दाखला लागतो. ओबीसी प्रवर्गासाठी केंद्राची यादी ग्राह्य धरतात. जात फक्त राज्याच्या यादीत असेल तर त्या दाखल्याचा इथे उपयोग नाही. तहसील कचेरीतून केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेयर दाखला हातात पडायला वेळ लागतो. त्याचा अर्ज परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता आधीच टाकावा.

— एक वाचक, सातारा