दुर्गादेवीचा दुष्काळ आणि आलेखाची साक्ष

१/ बखरीची आपण जशी चिकित्सा करतो, तशीच हवामानाच्या आलेखाचीही करावयास हवी. आणि त्यासाठी इतिहासाच्या अभ्यासकाने आलेख स्वतः काढावयास शिकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे या थ्रेडमध्ये.

२/ दुर्गादेवीच्या दुष्काळाचा काळ परंपरेने १३९६ ते १४०७ असा सांगितला जातो. बारा वर्षे सलग पाऊस हटला होता काय? तेव्हा पर्जन्यमापक नव्हते. मग साक्ष कोणाची काढायची?

३/ दगडाची! बस्तरच्या दंडक गुहेतील लवणस्तंभावरून इ.स. ६०० ते १५०० या काळातील मोसमी पावसाचा अंदाज बांधणारे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. थरात जड ऑक्सिजनचे प्रमाण अधिक, तर पाऊस दुबळा, हे त्यामागील सूत्र. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या आरंभी पाऊस वारंवार दुबळा पडल्याचे त्यातून दिसते.

४/ अशी पुष्कळ आकडेवारी अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेच्या संग्रहात खुली आहे. ‘आर’ ही संख्याशास्त्रीय संगणकप्रणालीही विनामूल्य आहे. अडचण साधनांची नाही, विवेकाची आहे.

५/ पहिला धोका सरासरीचा. तीस वर्षांची चल सरासरी घेतली, की तीन वर्षांच्या अवर्षणाची खोली दहाव्या हिश्शावर येते. १६३०-३२ सारखा भीषण दुष्काळ अशा रेषेत जवळपास दिसेनासा होईल. रेषा सुबक होते, माणसे मात्र पुसली जातात.

६/ दुसरा धोका कालनिश्चितीचा. थरांचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने ठरते; त्यात काही वर्षांची चूक संभवते. त्या मर्यादेत रेषा सरकवून १३९६ शी जुळवायची आणि मग तिलाच दुष्काळाचा पुरावा म्हणायचे, हे वर्तुळाकार तर्कशास्त्र झाले.

७/ तिसरा धोका अनिश्चितता लपवण्याचा. मान, ब्रॅडली व ह्यूज यांच्या १९९९ च्या सुप्रसिद्ध ‘हॉकी स्टिक’ आलेखात रेषेभोवती करडा पट्टा होता. पुढे त्यातील गणितावर वाद झाला. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने पद्धतीतील उणीव दाखवली. पण गेल्या चारशे वर्षांविषयीचा निष्कर्ष भक्कम मानला आणि १६०० पूर्वीच्या काळाविषयी विश्वास कमी असल्याचे नमूद केले. प्रामाणिक उत्तर असेच असते.

८/ शिवाय अवर्षण म्हणजे दुष्काळ नव्हे. १६३०-३२ मध्ये शाहजहान बुऱ्हाणपुरास तळ देऊन दख्खनची मोहीम चालवीत होता. सैन्याने किती धान्य खाल्ले, हे लवणस्तंभ सांगत नाही. त्यासाठी कागदपत्रांकडेच वळावे लागते.

९/ म्हणून मित्रहो, यापुढे कोणी आलेख पुढे केला, तर तीन प्रश्न अवश्य विचारा: आकडे कोठले? सरासरी किती वर्षांची? चुकीचा पट्टा कोठे आहे? उत्तर न मिळाल्यास तो आलेख पुढे पाठवू नका.