पहिल्या दिवसाचे पुढारी

ऑस्ट्रेलियातल्या हिंचिनब्रुक बेटावरची थॉर्सबोर्न पायवाट ३२ किलोमीटरची. बहुतेक लोक चार दिवस घेतात. पहिला टप्पा, रॅम्झे बे ते नीना बे, अवघा ४ किलोमीटर. तरी आमचे मित्र असे सुटले, जणू पुढं बोनसवाटप आहे! म्हणे, ज्यानं त्यानं आपल्या चालीनं चालावं. पर्वतीवर ठीक आहे हो, पण इथं वाटेवर एका वेळी चाळीसच माणसांना परवानगी. मागं राहिलेल्याला हात द्यायला येणार कोण? खाड्यांत मगरी. एकटा माणूस त्यांना अधिक सोयीचा! म्हणून पहिल्या दिवशीची चाल सर्वांत मागच्यानंच ठरवावी, असं माझं साफ मत आहे. (स्वार्थ? असेल.) आणि लवकर पोचून मिळतं काय? उंदीर शिधा कुरतडतात, म्हणून मुक्कामावर ठेवलेल्या लोखंडी पेट्या. आता शिधा होता माझ्या पाठीवर. बसा म्हटलं रिकाम्या पेटीशी, पहिला नंबर घेऊन!