तेराव्यानंतर येणारं कुणीतरी हवं

माननीय श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य



मी नांदेडची. माझा मुलगा रक्ताच्या कॅन्सरने गेला. हे पत्र उपचाराच्या पैशांसाठी नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना 2 जुलै 2012 ला, तेव्हाच्या वेगळ्या नावाने, सुरू झाली आणि पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची जमीन त्या योजनेमुळे वाचली. मला सांगायचं आहे ते लेकरू गेल्यानंतरचं.

नंदीग्राम किंवा देवगिरी एक्स्प्रेसने उपचारांसाठी मुंबईला जाताना कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत. लेकरू राहिलं नाही की सोबतीची सवलतही संपते. नियम म्हणून ते बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण रुग्ण संपला की आईबापांचं नावही आरोग्याच्या कुठल्याच वहीत उरत नाही. त्यानंतर सरकारी कागदांशी आमचा संबंध आला तो रेशनकार्डावरून एक नाव कमी करण्यासाठी.

पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं. सोयरे कडू घास घेऊन येतात, बाया रात्री सोबतीला निजतात. मग सगळे आपापल्या गावी जातात, आणि डोक्यात प्रश्न सुरू होतात. आधी त्याचे पाय दुखायचे. खेळून दुखत असतील, वाढीचं वय आहे, असंच सगळ्यांना वाटलं. ताप यायचा, उतरायचा. तेव्हाच रक्त तपासलं असतं तर? पोटात असताना माझ्या खाण्यात काही आलं का? शेवटची केमो द्यायला नको होती का? त्याच्या वडिलांनी हे प्रश्न तोंडाने कधीच विचारले नाहीत. ते रात्री उठून अंगणात बसायचे. धाकटीने दादाच्या तांब्यातून पाणी प्यायचं सोडलं, ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. हा आजार आपल्यालाही लागेल, असं तिला वाटत होतं आणि तो लागत नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

लहान मुलांच्या बहुतेक कॅन्सरचं कारण सापडत नाही, आईबापांनी काही केल्याने तो टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. पण हे वाक्य मामा-मावशीच्या तोंडून पटत नाही. नातेवाईक देवाची मर्जी म्हणतात, कुणी नजर काढतं, कुणी मागच्या जन्माचं काढतं, आणि शेवटी बोट बहुधा आईकडे वळतं. तिथे दवाखान्याच्या माणसाचाच शब्द लागतो. तो सासूसमोर, जावांसमोर, घरात बसून बोललेला असावा लागतो. म्हणून हे काम नातेवाइकांवर सोडू नका, ते आरोग्य खात्याचं आहे.

याची रीत आपल्याकडे आहेच. बाळ दवाखान्यात जन्मलं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळाचं वजन करतात, आईची विचारपूस करतात. लेकरू गेलेल्या घरीही अशाच ठरलेल्या भेटी व्हाव्यात. त्या तेराव्यानंतर सुरू व्हाव्यात: महिन्याने, जूनमध्ये शाळा उघडताना, दिवाळीला, वर्षाला. दुसरी मुलं असतील त्या घरी त्यांच्याशी वेगळं बोलावं. आणि जिथे उपचार झाले, तिथल्या डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी एकदा फोन करावा. दोन-अडीच वर्षं ज्यांच्या भरवशावर काढली, त्यांचा आवाज एकाएकी बंद होतो, ते फार लागतं.

ऑक्टोबर 2022 पासून मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. चांगली सोय आहे. पण फोन दुःखातल्या माणसानेच करायचा असतो, आणि आमच्या घरात तर जेवायला बसा म्हणायलाही कुणाला बळ नव्हतं. शिवाय मूल गेल्याचं दुःख हा आजार नव्हे. आपण वेडे ठरू या भीतीने पुष्कळ जण असा फोन करणारच नाहीत. दार वाजवणारं माणूस हवं.

आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. प्रत्येक भेटीचा मोबदला आणि वेगळं प्रशिक्षण दिल्याशिवाय हे काम त्यांच्यावर टाकू नये. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेतले मनोविकारतज्ज्ञ ते प्रशिक्षण देऊ शकतील. ती महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत आणि आशाताई आपल्याकडे. ही दोन खाती एका टेबलाशी बसवणं आपल्याच हातात आहे. सुरुवात नांदेड-लातूरपासून करावी.

त्या प्रशिक्षणाला मीही येईन. अशा घरात गेल्यावर काय बोलू नये, हे आमच्यासारखे आईबापच नीट सांगू शकतील.

आपली,
एक आई, नांदेड