खांद्यावरचा पट्टा

गेल्या चवथीच्या सणाला माझे थोरले मावसबंधू कित्येक वर्षांनी अमेरिकेहून सहकुटुंब घरी आले होते. आरती आटोपली, जेवणे झाली आणि सोप्यावर गप्पांचा फड रंगला. त्या वेळी दादांनी आपल्या नव्या घराची छायाचित्रे आम्हांस दाखविली. हे घर चाकांवरचे! अमेरिकेत शाळेच्या पिवळ्या बसगाड्या काही वर्षांच्या सेवेनंतर विक्रीस निघतात. हौशी माणसे त्या विकत घेतात, आतली बाके काढून टाकतात, तेथे स्वयंपाकाचा ओटा, पलंग, कपाटे बसवितात आणि सुटीत मुलाबाळांसह देश पाहत हिंडतात. दादांनीही अशीच एक बस घेऊन तिचे घर करावयास आरंभ केला होता. ओटा सुबक होता, पडदे सुंदर होते. एका कोपऱ्यात चिमुकले देवघरही होते. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केले.

मी शाळामास्तर, मुले कोठे बसणार, हाच प्रश्न मला प्रथम सुचला. दादांनी खिडकीलगतच्या लांब कोचाकडे बोट दाखविले. तो कोच गाडीच्या दिशेला आडवा होता. "आणि पट्टे?" मी विचारले. "कमरेचे लावीन की! खांद्यावरच्या पट्ट्याची खटपट कोण करतो? एवढी मोठी बस, तीही सावकाश चालवायची. कितें जातलें रे?"

घरात आम्ही कोंकणी बोलतो, आणि 'कितें जातलें', म्हणजे 'काय होणार आहे', हे दोन शब्द तर आमच्या जिभेवर सदैव नाचत असतात. संकटात धीर देणारे ते शब्द आहेत, हे मी जाणतो. परंतु पुष्कळदा तेच शब्द आपल्या विचारशक्तीला झोपवितात. त्या दिवशी मला त्यांचे उत्तर नीट देता आले नाही. ते आज येथे देण्याचा प्रयत्न करतो.

मी कला शाखेचा पदवीधर. म्हणून प्रथम आमच्या विज्ञानशिक्षकांना शरण गेलो. त्यांनी फळ्यावर गणित मांडून दाखविले. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर असेल, तर तीत बसलेला माणूसही सेकंदाला सुमारे १४ मीटर या वेगाने पुढे जात असतो. इतका वेग यावयास सुमारे १० मीटर उंचीवरून पडावे लागते. १० मीटर म्हणजे चांगला वाढलेला माड! माडावर चढलेल्या पाडेल्याचा पाय सुटला, तर खाली उभा असलेला कोणी 'कितें जातलें' म्हणेल काय? गाडीत मात्र आपण तसे खुशाल म्हणतो. कारण ती उंची आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

पुढचे गणित अधिक बोलके आहे. हा वेग अर्ध्या मीटरच्या अंतरात शून्यावर आला, तर शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. २० किलो वजनाचे मूल त्या क्षणी सुमारे ४०० किलो ओझ्यासारखे होते. मुलाला मांडीवर घट्ट धरून बसणाऱ्या माउलीचे प्रेम अपार असेल. पण ४०० किलोचा बैल कोणत्या आईच्या हातांना आवरणार आहे? ज्याला पट्टा नाही, त्याला तर अर्धा मीटरही लाभत नाही. गाडी थांबली तरी तो त्याच वेगाने पुढे जातो आणि समोरच्या वस्तूवर आदळून अगदी थोड्या अंतरात थांबतो. अंतर जितके कमी, तितका आघात जबर.

"बस मोठी आहे" या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. लहान मोटारीशी टक्कर झाल्यास अवजड गाडीचा वेग कमी बदलतो व आतल्यांना धक्का कमी बसतो. परंतु मोठे झाड, पुलाचा खांब अथवा समोरून येणारा मालट्रक आपल्या बसच्या थोरवीला मान देत नाही. शिवाय गाडी उलटली, तर पट्टा न बांधलेला माणूस घागरीतल्या खड्याप्रमाणे आत आपटत राहतो. चाकांवरच्या घरात तर ओटा, टेबल, कपाटांचे कोपरे असे कठीण पदार्थ चहूकडे असतात.

येथे एक शंका कोणी काढील. अमेरिकेतल्या शाळांच्या पुष्कळ मोठ्या बसगाड्यांत मुलांना पट्टे नसतात. मग या बसलाच ते कशाला? शंका योग्य आहे, आणि तिच्या उत्तरातच या प्रश्नाचे मर्म आहे. १९७७ सालापासून तेथील नियमाप्रमाणे शाळेच्या बसमधील बाके उंच पाठीची, जाड गादीने मढविलेली आणि एकमेकांच्या निकट ठेवलेली असतात. धक्का बसताच मूल समोरच्या बाकाच्या मऊ पाठीवर आदळते आणि ती पाठ किंचित वाकून आघात सोसते. आपण आंबे पेटीत भरताना भोवती पेंढा घालतो, तशीच ही योजना. परंतु बसचे घर करताना माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? बाके उपटून टाकतो! म्हणजे पेंढा फेकून दिला आणि आंबे तेवढे पेटीत मोकळे ठेवले. मग बसच्या मजबुतीचा अभिमान कोणत्या तोंडाने सांगावा?

तर मग कमरेचा पट्टा पुरेसा नाही काय? काहीच नसण्यापेक्षा तो बरा, एवढेच म्हणता येईल. तो कंबर धरून ठेवतो. धड मात्र पुढे दुमडते आणि डोके टेबलावर वा गुडघ्यांवर आदळते. पट्टा कमरेच्या हाडांवरून सरकून पोटावर आला, तर आतडी व पाठीचा कणा यांना इजा होते. हे ओळखूनच स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी १९५९ साली छातीवरून व कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी जखडलेला पट्टा सिद्ध केला. त्यापूर्वी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असत. धक्क्याचा भार छातीचा पिंजरा, खांदा व कमरेचे हाड या बळकट अवयवांवर वाटून द्यावा, हे त्यातले तत्त्व. कंपनीने हा शोध इतर कारखानदारांनाही मोकळा करून दिला. या औदार्याने किती घरांतले दिवे विझता विझता राहिले असतील, याची कल्पना करावी!

मात्र पट्टा नुसता लोंबकळत ठेवून भागत नाही. तो खांद्याच्या उंचीवर किंवा त्याहून थोडा वर जखडावा लागतो. खाली जखडला, तर धक्क्याच्या वेळी तो कणाच खाली दाबतो. आडव्या कोचावर खांद्याचा पट्टा लावणे तर घातक. कारण तो मानेत रुततो. म्हणून प्रवासात माणसांनी पुढे तोंड करूनच बसावे. आणि पट्टा जखडावा कशाला? अमेरिकेतील नियमानुसार अशा पट्ट्याच्या जखडणीने कमरेच्या व खांद्याच्या भागाला प्रत्येकी ३००० पौंड, म्हणजे सुमारे १३६० किलो, ओढ सोसली पाहिजे. लाकडी फळीत पिळलेला स्क्रू तेथे काय टिकणार? जमिनीतून आरपार बोल्ट घालून खाली पोलादी पट्टी द्यावी, किंवा ज्यांच्या सांगाड्यातच पट्टा बसविलेला असतो अशी तयार आसने आणून ती भक्कम बसवावीत. हे काम जाणत्या कारागिराचे आहे. घरगुती हौसेचे नव्हे.

आपल्याकडचे चित्रही वेगळे नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये पट्टा बांधणे सक्तीचे केले. आपल्या देशात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पट्टा न बांधणाऱ्यास १००० रुपये दंड आहे. तरीही मागच्या आसनावर बसलेला पाहुणा पट्ट्याला हात लावीत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात अंत झाला. ते मागे बसले होते व त्यांनी पट्टा बांधला नव्हता. गाडी महागडी होती. पण पट्टा बांधावयाचे काम गाडी करीत नाही, ते माणसालाच करावे लागते.

हे सारे मी दादांना पुढे सविस्तर पत्राने कळविले. धाकट्याने थोरल्याला शिकवावे, याचा संकोच वाटला. पण त्या दोन पोरांचे चेहरे डोळ्यांपुढून हलेनात. महिन्याभराने उत्तर आले. आसने बसविण्यासाठी त्यांनी बसची जमीन उखडली, तेव्हा प्लायवूडच्या खालचा पत्रा गंजून चाळण झालेला आढळला. कोच निघाला, सहल पुढे ढकलली गेली, आणि खर्चाबद्दल वहिनींची थोडी बोलणीही त्यांना खावी लागली. शेवटी त्यांनी लिहिले होते, "पडदे आधी शिवले, जमीन नंतर पाहिली. चूक झाली."

विद्यार्थिमित्रांनो, ही चूक केवळ दादांची नाही. आपणही पुष्कळदा आधी पडदे शिवतो. तेव्हा पुढच्या वेळी मोटारीत मागे बसाल, तेव्हा पट्टा ओढून बांधा. शेजारी बसलेल्या आजीलाही नम्रपणे बांधून द्या. कोणी हसून 'कितें जातलें' म्हणालेच, तर वादविवाद करू नका. खिडकीबाहेरच्या माडाकडे फक्त बोट दाखवा.